डबा उलटा करून वाचा: वजन उतरवायच्या पावडरी, गोळ्या आणि चहाबद्दल

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात बसथांब्यासमोर माझं मेडिकल आहे. डी. फार्म. झाल्यापासून सतरा वर्षं याच काउंटरमागे उभी आहे. सुरुवातीच्या काळात लोक माझ्याकडे अंगी लागायचं टॉनिक मागायचे. आता आठवड्यातून दोन-तीन जणी तरी पिशवीतून एक डबा काढतात आणि दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून विचारतात, "ताई, हे घेऊन राह्यली मी. काही व्हत तं नाही ना?" तो डबा बहुतेक माझ्या दुकानातला नसतो. कुणाला नागपूरच्या भाचीनं पाठवलेला असतो, कुणी मोबाइलवर मागवलेला, कुणी बचत गटातल्या ओळखीच्या बाईकडून घेतलेला.

मी डबा उलटा करते आणि मागची बारीक अक्षरं तिच्यासोबत वाचते. समोरच्या बाजूला बारीक कंबरेचा फोटो असतो, कामाची माहिती सगळी मागं असते. ते वाचन घरी कसं करायचं, हे इथं लिहिते आहे. माझ्यापर्यंत येतात त्यांना मी सांगू शकते. जास्त बाया येतच नाहीत.

आधी वजनकाट्याचा हिशेब

माझ्या धाकट्या जावेची गोष्ट तिला विचारूनच सांगते. दोन लेकरांनंतर तिचं वजन ७४ किलोवर गेलं होतं. भावाच्या लग्नाआधी तिनं एका ओळखीच्या बाईकडून "शंभर टक्के हर्बल" म्हणून कॅप्सूलची बाटली घेतली. मला सांगितलं नाही, मी नाही म्हणेन म्हणून. बारा दिवसांत चार किलो उतरलं. घरातले सगळे खूष. मग एका रात्री अडीच वाजता तिनं माझं दार वाजवलं. "वहिनी, मले झोपच येऊन नाही राह्यली. तोंड कोरडं पडते, छातीत धडधड करते." मी बीपी मोजलं तर १६४ वर १०२. चौतीस वर्षांची बाई, आधी बीपीचा त्रास कधीच नव्हता.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, दोन दिवस लक्ष ठेवलं. आठवड्याभरात बीपी जागेवर आलं. पंधरा दिवसांत चार किलोतले तीन किलोही परत आले.

ते तीन किलो इतक्या लवकर परत का आले, हे समजून घेतलं तर पुढचं अर्धं काम झालं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. चार किलोच्या झाल्या ३०,८००. बारा दिवसांनी भागलं तर रोजच्या २,५०० च्या वर. आमच्यासारख्या बाईचा दिवसभराचा सगळा आहारच १,८०० ते २,००० किलोकॅलरीच्या आसपास असतो. म्हणजे तिनं बारा दिवस कण न कण खाल्ला नसता, तरी चार किलो चरबी गेली नसती. गेलं ते बरंचसं पाणी होतं.

हा हिशेब कोणत्याही जाहिरातीला लावून पाहा. "महिन्यात दहा किलो" म्हणजे ७७,००० किलोकॅलरी, रोजच्या अडीच हजारांहून जास्त. चरबी आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो उतरते. त्याहून वेगानं काटा उतरला, तर शरीरातून पाणी आणि मांस जात आहे किंवा डब्यात न लिहिलेलं काहीतरी आहे असं समजा.

परवाना कुठला आहे ते पाहा

आपल्याकडे हे डबे दोन वाटांनी येतात. एक खाद्यपदार्थ म्हणून. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी क्रमांक असतो, आणि पूरक आहार म्हणून विकत असतील तर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं लिहावंच लागतं. म्हणजे हे औषध नाही, असं बनवणाऱ्यानंच लिहून दिलेलं असतं. विकणारी बाई तोंडानं "यानं थायरॉईड बी जाते, शुगर बी जाते" असं म्हणत असेल, तर तिला ती ओळ बोट ठेवून दाखवा. दुसरी वाट आयुर्वेदिक औषधाची. त्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, आणि प्रत्येक वनस्पतीचं नाव मात्रेसह असायला हवं.

चौदा आकडी क्रमांक कोणीही छापू शकतो. एफएसएसएआयच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नाव वेगळंच निघालं तर डबा परत करा. क्रमांकच नसेल, खुल्या प्लॅस्टिकच्या पुडीत पावडर असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. ते घेऊ नका.

लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्यानं बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग यांच्यासोबत लठ्ठपणाही आहे. आठवडी बाजारात वाटलेलं "लठ्ठपणा मुळापासून बरा" असं पत्रक हातात आलं, तर ते छापणाऱ्यानं कायदा एकदा मोडलेलाच आहे. डब्यात काय भरलं याबद्दल त्याच्यावर विश्वास ठेवायला मला काही कारण दिसत नाही.

पाणी काढणारे घटक

विदर्भात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती यांची, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

"स्लिमिंग टी", "डिटॉक्स चहा", "पोट साफ चूर्ण" यांच्या मागं पाहा. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, सेन्ना, कॅसिया अँगुस्टिफोलिया यांपैकी एक नाव बहुतेक सापडेल. ही सगळी एकाच झाडाची नावं. पावसाळ्यात आपण ज्या तरोट्याची भाजी करतो, त्याच कुळातली ही वनस्पती. बद्धकोष्ठाला दोन-चार दिवस घ्यायचं हे चांगलं, जुनं औषध आहे. मीही देते. पण ते मोठ्या आतड्यावर काम करतं. खाल्लेल्या अन्नातली ताकद त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. त्यामुळं जुलाब होऊन जाते ती भाकरी नव्हे, अंगातलं पाणी आणि क्षार. "पोट हलकं वाटते" हे खरं असतं, चरबी मात्र जिथल्या तिथं असते.

आता हाच चहा लग्नसराईत, एप्रिल-मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना कोणी पितं असं समजा. घामानं पाणी जातंय, चहानंही जातंय. पोटॅशियम कमी होतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. सासू-सासऱ्यांसारखी बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम दोन्हीकडून जातं आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. काही मालात लघवी वाढवणारं औषध न सांगता मिसळलेलंही सापडतं. काटा लगेच खाली येतो म्हणून गिऱ्हाईक खूष राहतं.

सिकलसेलबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. आपल्या भागात, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडं, घराघरांत हा आजार आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि वाकणं वाढतं. त्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक एकोणीस वर्षांची मुलगी लग्नाआधी असा चहा नऊ दिवस प्यायली. सिकलसेलचं कार्ड घरातल्या पेटीत होतं. चहाच्या डब्यावर सिकलसेलबद्दल अवाक्षर नव्हतं. तिला खाटेवरून उचलून गाडीत ठेवावं लागलं, चार दिवस सलाईन लागलं. तिची आई मला म्हणाली, "बाप्पा, चहाच तं व्हता!"

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि आरोग्य केंद्रात तपासणी होते. तुमची झाली नसेल, तर वजनाच्या कोणत्याही डब्याआधी ती करून घ्या. कार्डावर आजार लिहिला असेल, तर जुलाबाचा चहा, लघवी वाढवणारी गोळी आणि पाण्याशिवायचे कडक उपास, तिन्ही वर्ज्य समजा.

आणखी एक गोष्ट बाया विचारत नाहीत, म्हणून स्वतःहून सांगते. रोज जोराचे जुलाब होत असतील, तर पाळणा लांबवायची गोळी पूर्ण अंगी लागत नाही.

धडधड वाढवणारे घटक

यात पहिलं नाव कॅफिन. चहातलंच ते, म्हणून लोक घाबरत नाहीत. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर बाईला २०० पर्यंत. आपल्या कपभर चहात साधारण ३० ते ५० असतं. आता डब्यावर "एका कॅप्सूलमध्ये कॅफिन २०० मिग्रॅ, दिवसातून दोन" असं लिहिलं असेल, तर ४०० तिथंच झाले. त्यावर चार कप चहा घेतला की मर्यादा ओलांडली. शिवाय कॅफिन वेगवेगळ्या नावांनी येतं. ग्वाराना, येर्बा माते, कोला नट, ग्रीन कॉफी. एका डब्यात तीन नावं दिसली, तरी पोटात जाणारं कॅफिनच असतं. तेव्हा आकडे जोडून पाहा. मात्रा न लिहिता नुसतं "स्पेशल ब्लेंड" लिहिलं असेल, तर जोडायला काहीच उरत नाही. असा डबा मी परत करायला लावते.

दुसरं, बिटर ऑरेंज किंवा सिनेफ्रिन. नावात संत्रं आहे म्हणून आपल्या नागपुरी संत्र्याशी त्याचा संबंध जोडू नका. हे कडू जातीच्या फळाचं सत्त्व असतं, बीपी आणि नाडी वाढवतं, आणि कॅफिनसोबत जास्तच. तिसरं, एफेड्रा किंवा मा हुआंग. पूरक आहारात ते विकायला अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांमुळं. मोबाइलवर परदेशी डबे मागवणाऱ्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं.

ही पोरं व्यायामशाळेत "फॅट बर्नर" म्हणून घेतात आणि मग भर उन्हात धावतात. असे घटक शरीराची उष्णता वाढवतात. आपल्याकडं उष्माघात तसाच दारात उभा असतो. एक नाव तर विष म्हणूनच ओळखा: डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनॉल. पिवळी पावडर, स्फोटकं आणि रंग बनवताना वापरायची. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी वजनासाठी घेतली, अंगातली उष्णता इतकी वाढली की माणसं मेली, आणि १९३८ मध्ये तिथं ती बंद झाली. तरी ती चोरून विकली जाते. तिच्यावर उतारा नाही.

यकृतावर येणारे घटक

ग्रीन टी उकळून प्यायली तर काही बिघडत नाही. अडचण तिच्या सत्त्वाची आहे. लेबलवर "ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट ५०० मिग्रॅ, ५० टक्के ईजीसीजी" असं असेल तर एका कॅप्सूलमध्ये २५० मिग्रॅ ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधला मुख्य घटक, झालं. दिवसाला तीन घेतल्या तर ७५०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की पूरक आहारातून रोज ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. रिकाम्या पोटी घेतलं की धोका वाढतो, आणि आपल्या बाया असल्या गोष्टी सकाळी अनशापोटीच घेतात.

गार्सिनिया कंबोजिया हे दुसरं. लेबलवर कधी एचसीए, कधी वृक्षाम्ल लिहिलेलं असतं. कोकमाच्या जवळचं फळ, केरळात माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. कालवणातलं आणि कॅप्सूलमधलं प्रमाण यात फार अंतर आहे. वजन उतरवण्याचा त्याचा परिणाम नगण्य, आणि यकृत बिघडल्याचे रुग्ण मात्र जगभर नोंदले गेले आहेत. ज्यांना कावीळ होऊन गेली, जे रोज दारू पितात, त्यांनी या दोन्हींपासून दूर राहावं.

गुग्गुळाबद्दल मला अनेकदा विचारतात, "हे तं आपलं आयुर्वेदिक आहे ना?" आहे, आणि जाणत्या वैद्यांच्या हातात त्याला जागाही आहे. पण ते थायरॉईडवर परिणाम करू शकतं, काहींच्या अंगावर पुरळ उठतं, जुलाब होतात, क्वचित यकृतालाही त्रास होतो. थायरॉईडची गोळी चालू असताना स्वतःच्या मनानं दुकानातून उचलू नका. वैद्यांना दाखवा आणि त्यांना चालू गोळ्यांची नावं सांगा.

यकृताला त्रास झाला की लघवी गडद चहासारखी होते, डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, जेवणावरून मन उडणं. वजनाचा डबा चालू असताना भूक मेली की बाया खूष होतात, "आता तं भूकच लागत नाही." म्हणून हे लक्षण पकडायला सगळ्यात उशीर होतो. भूक मेली की आधी लघवीचा रंग पाहा.

जे बरं आहे, आणि जे नुसतंच महाग आहे

इसबगोल साधं आणि स्वस्त आहे. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून ताटातली अर्धी भाकर कमी जाते, एवढाच त्याचा उपयोग. एक चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वरून आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ग्लुकोमॅनन, म्हणजे कोंजॅक या कंदाचं तंतुमय पीठ, याच जातीचं. कमी खाण्यासोबत दिवसाला तीन ग्रॅम, जेवणाआधी एक-एक ग्रॅम पाण्याबरोबर, घेतलं तर थोडा फायदा होतो हे युरोपच्या त्याच संस्थेनं मान्य केलं आहे. गिळायला त्रास असेल त्यांनी दोन्ही टाळावीत. जवसाची चटणी रोज खाणाऱ्या घरात मला यातलं काही विकावंसं वाटत नाही.

क्रोमियम, एल-कार्निटिन, सीएलए, रास्पबेरी कीटोन यांच्यावर पैसे घालू नका. फरक पडत नाही. फक्त क्रोमियम साखरेच्या गोळीसोबत किंवा इन्सुलिनसोबत घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. सफरचंदाचा व्हिनेगर पाण्यात न मिसळता घेतला की दात झिजतात, घसा भाजतो.

शेकच्या डब्यांचं वेगळं आहे. सकाळी एकत्र बसून शेक प्यायचा, महिन्याला तीन-चार हजार भरायचे. शेकमध्ये मुख्यतः सोयाबीनचं प्रथिन, थोडी साखर, तंतू आणि जीवनसत्त्वं असतात. साधारण दोनशे किलोकॅलरीचा तो पेला दोन भाकरी आणि तेलाच्या भाजीच्या जागी घेतला म्हणून वजन उतरतं. जागा बदलली नाही, शेक पिऊन वर पोहेही खाल्ले, तर वजन वाढेल. आमच्या गावातल्या एका वहिनीनं या शेकसाठी कापूस वेचणीची कमाई दोन हंगाम घातली. मी तिला त्याऐवजी वाटीभर मोडाची मटकी, एक भाकर आणि अंबाडीची भाजी असं ताट करून दाखवलं, आणि तेल मोजून द्यायला सांगितलं. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० किलोकॅलरी, आणि आपल्या भाजीच्या तर्रीत माणशी दोन चमचे सहज असतात. सहा महिन्यांत तिचे पाच किलो उतरले. कमी वाटतात, पण बहात्तर किलोच्या बाईचे साडेतीन किलो उतरले, म्हणजे पाच टक्के, तरी साखर आणि बीपीवर फरक दिसू लागतो.

लेबलवर जे लिहिलेलंच नसतं

जावेच्या त्या कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासल्या नाहीत, म्हणून त्यात अमुकच होतं असं मी म्हणणार नाही. पण भूक मरणं, तोंड कोरडं, झोप उडणं, नाडी आणि बीपी वाढणं, ही लक्षणं सिब्युट्रामिनशी जुळतात. हे एकेकाळी डॉक्टर लिहून देत असलेलं औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर युरोप-अमेरिकेत २०१० मध्ये आणि भारतात २०११ मध्ये ते बंद झालं. तेव्हापासून जगभर "हर्बल" नावाच्या कॅप्सूलांमध्ये तपासणीत ते पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे.

असंच दुसरं फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगात चुन्याच्या निवळीत टाकलं की गुलाबी होतं, तेच. पूर्वी जुलाबाचं औषध म्हणून चालायचं, कर्करोगाच्या शंकेनं काढून टाकलं. तिसरं म्हणजे थायरॉईडची गोळी कुटून घातलेली. ती गरज नसताना पोटात गेली तर वजन उतरतं, पण त्यात मांस झडतं, हात थरथरतात, ठोके अनियमित होतात. म्हणूनच सांगते, जावेची किंवा शेजारणीची थायरॉईडची गोळी वजनासाठी उधार घेऊ नका. साखरेच्या मेटफॉर्मिन या गोळीचंही तेच.

भेसळ डोळ्यांनी दिसत नाही. वास नाही, चव नाही. तिची खूण परिणामात असते: जेवण बदललं नाही, चालणं वाढवलं नाही, आणि पहिल्याच आठवड्यात भूक किंवा झोप गेली.

याच्या उलटाही एक प्रकार मी फार पाहते. गुडघ्यासाठी किंवा दम्यासाठी कोणी "जडीबुटीची पुडी" घेत असतं. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. दुखणं जादूसारखं थांबतं, मग चेहरा गोल होतो, पोट सुटतं, पायावर सूज येते. आणि तीच बाई माझ्याकडं वजनाची गोळी मागायला येते. म्हणून मी आधी विचारते, "काकू, दुसरं काय काय घेऊन राह्यल्या तुम्ही?" पुडी निघाली की वजनाचा विषय बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरकडं पाठवते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं

ऑरलिस्टॅट हे खरं औषध आहे. जेवणातल्या साधारण तीस टक्के चरबीचं पचन ते थांबवतं. ती चरबी शौचावाटे बाहेर पडते, म्हणून तेलकट खाल्लं की कपडे खराब होईपर्यंत वेळ येते. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही त्यासोबत जातात, तेव्हा त्यांची गोळी झोपताना वेगळी घ्यावी लागते. थायरॉईडची गोळी आणि हे, यांत चार तासांचं अंतर हवं.

२०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनंही भारतात आली. परिणाम चांगला आहे, पण कोणाला द्यायचं आणि मात्रा कशी वाढवायची हे डॉक्टरनंच ठरवायचं. या इंजेक्शनचं न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोतून साध्या खोक्यात आलेलं पेन मी कोणाला टोचू देत नाही.

आधीच घेत असाल तर

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, बीपी, साखर, थायरॉईड, किडनी, यकृत, हृदय यांपैकी कशाचीही गोळी चालू असेल, रक्त पातळ करायचं औषध असेल, तर डबा आजच थांबवा आणि चालू गोळ्यांसकट डॉक्टरांना दाखवा. धडधाकट असाल आणि नुसतं इसबगोल घेत असाल, तर काळजीचं कारण नाही.

छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलात, लघवी सहा-आठ तास झालीच नाही, डोळे पिवळे दिसले, किंवा सिकलसेलच्या रुग्णाला हाडं दुखू लागली, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांपासून डबा लपवू नका. ते रागावतील या भीतीनं बाया "काहीच नाही घेतलं" म्हणतात आणि तपासण्यांत एक-दोन दिवस वाया जातात.

औषधाचा दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, कधीपासून किती घेतलं आणि काय झालं, एवढं हाताशी ठेवा. बोलायला जड जात असेल तर माझ्यासारख्या कोणत्याही मेडिकलवाल्याला सोबत बसवा. यासाठी डबा रिकामा झाला तरी चुलीत टाकू नका. उरलेल्या दोन-चार कॅप्सूल त्याच बाटलीत राहू द्या, झाकण घट्ट लावा, वर घ्यायला सुरुवात केल्याची तारीख लिहा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा. जावेच्या बाटलीवर बॅच नंबरच नव्हता, आणि ते मला रात्री अडीचला टॉर्चच्या उजेडात बाटली फिरवून पाहताना पहिल्यांदा दिसलं.